कूळ आणि मूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. विद्येच्या बाबतींतही लोकांची वृत्ति पुष्कळदां अशीच असते. एखादी विद्या मनाला रुचली, तिच्यामुळें शरीराला गुण आला, म्हणजे ती कोणा सिद्धपुरुषाला डोंगरावर साक्षात्कारानें मिळाली, एवढें ऐकून लोक संतुष्ट होतात. चीन देशांतील ‘ताई ची’ या व्यायामप्रकाराची कथा अशीच होती. परंतु या विद्येचें कूळ शोधण्याचें धाडस त्याच देशांतील एका वकिलानें केलें, आणि त्यापायीं स्वतःच्याच सहाध्यायांचा रोष पत्करला. त्याच्या शोधाचा वृत्तांत भारतीय वाचकानेंही मन लावून ऐकण्याजोगा आहे. कारण त्यांत एक भारतीय नांवही येऊन जातें.

चीनमधील कोणत्याही मोठ्या शहरांत पहांटे सार्वजनिक उद्यानांत जावें, तर तेथें साठी उलटलेल्या स्त्रीपुरुषांचे घोळके दिसतात. गुडघे किंचित् वाकलेले, पाठीचा कणा सरळ, खांदे सैल. पाण्यांतून फिरावे तसे त्यांचे हात सावकाश वर येतात, वळतात आणि खालीं उतरतात. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर जातो, तो तराजूचें पारडें झुकावें तितक्या बेतानें. कोणाला धाप लागत नाहीं, कोणी घामाघूम होत नाहीं. ही ‘ताई ची चुआन’. शेजारींच दुसरा घोळका एका जागीं उभा राहून, श्वासाकडे लक्ष ठेवून, हात वरखालीं करीत असतो. तें ‘चीगाँग’.

या दोन नांवांविषयींचा एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. दोहोंतही ‘ची’ हा उच्चार आपल्या कानांना ऐकूं येत असला, तरी चिनी लिपींत ते दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘ताई ची’मधील ‘ची’चा मूळ अर्थ घराचें आढें. छपराच्या दोन्ही उतरणी ज्या तुळईवर येऊन मिळतात, तें आढें. ‘ताई’ म्हणजे परम, थोर. डोंगराची सावलीची बाजू ती ‘यिन’ आणि उन्हाची बाजू ती ‘यांग’. पुढें मृदु व कठोर, स्थिर व चल अशीं सर्व द्वंद्वें या दोन शब्दांखालीं आलीं. हीं द्वंद्वें जेथें एकत्र मिळतात तें परम आढें म्हणजे ताई ची. ‘चुआन’ म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. चीगाँगमधील ‘ची’ मात्र वेगळी. तिचा अर्थ वाफ, वारा, श्वास, आणि त्यावरून शरीरांत संचार करणारी जीवनशक्ति. ‘गाँग’ म्हणजे सायासानें कमावलेलें कौशल्य. आपल्याकडील ‘प्राण’ या कल्पनेशीं या ‘ची’चें साम्य आहे, परंतु दोन्ही कल्पना आपापल्या देशांत, आपापल्या वैद्यकाच्या सोबतीनें वाढल्या, आणि एकीचें नांव दुसरीला देऊन भागत नाहीं.

आतां दंतकथेकडे वळावें. हूपे प्रांतांतील वूदांग पर्वतावर चांग सानफेंग नांवाचा ताओपंथी सिद्ध राहत असे. एके दिवशीं त्यानें एक पक्षी व एक सर्प यांचें द्वंद्व पाहिलें. पक्षी चोंचीनें घाव घाली आणि सर्प अंग वळवून तो चुकवी. मृदु वस्तु कठोर वस्तूला जिंकते हें तत्त्व त्या सिद्धाला उमगलें आणि ताई ची जन्मास आली. शाओलिन मठांतील मुष्टियुद्धाचें श्रेय दुसऱ्या एका कथेनें दक्षिण भारतांतून गेलेल्या बोधिधर्माला दिलें. भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षें ध्यान करणाऱ्या या भिक्षूनें शिष्यांचीं शरीरें दुबळीं झालेलीं पाहिलीं आणि त्यांना व्यायाम शिकविला, अशी ती कथा. ही दुसरी कथा भारतीय माणसाला सुखावते, यांत नवल नाहीं.

या दोन्ही कथांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करणारा मनुष्य म्हणजे तांग हाव. तो व्यवसायानें वकील होता, कांहीं काळ जपानांत शिकला होता, आणि स्वतः मुष्टियुद्धाचा अभ्यासी होता. १९२८ सालीं नानकिंग येथें तत्कालीन राष्ट्रीय सरकारच्या आश्रयानें ‘गोशू’ म्हणजे राष्ट्रीय युद्धकला शिकविणारी मध्यवर्ती संस्था निघाली. प्रारंभीं तिचे दोनच विभाग करण्यांत आले. एक शाओलिन आणि दुसरा वूदांग. म्हणजे संस्थेची मांडणीच दोन दंतकथांवर झाली होती! त्या दोन विभागांत लवकरच तेढ माजली आणि ते मोडावे लागले. याच संस्थेंत तांग हाव ग्रंथसंपादनाचें काम पाहत होता. १९३० सालीं त्यानें शाओलिन व वूदांग यांच्या परंपरांची चिकित्सा करणारें पुस्तक प्रसिद्ध केलें.

त्याची पद्धति वकिलाची होती. कागद कोठें आहे, तो कोणत्या काळचा आहे, आणि तो लिहिणाऱ्याला ही गोष्ट कळण्याचा संभव होता काय, एवढेच प्रश्न तो विचारी. बोधिधर्माच्या नांवावर खपणारा स्नायुसंवर्धनाचा ग्रंथ त्यानें तपासला, तेव्हां तो सतराव्या शतकांतील, म्हणजे बोधिधर्मानंतर सुमारें एक हजार वर्षांनीं रचलेला ठरला. त्याच्या जुन्या म्हणविणाऱ्या प्रस्तावना बनावट निघाल्या. शाओलिनचे भिक्षु इ. स. ६२१ मध्यें तांग घराण्याच्या बाजूनें लढले, हें मठांतील शिलालेखावरून सिद्ध होतें. परंतु त्या शिलालेखांत बोधिधर्मानें मुष्टियुद्ध शिकविल्याचा उल्लेख नाहीं.

चांग सानफेंगचीही तीच गत झाली. मुष्टियुद्धाचा जनक म्हणून त्याचें नांव घेणारा जुना लेख सांपडतो तो १६६९ सालचा. तो ह्वांग चुंगशी या विद्वानानें एका योद्ध्याच्या समाधीसाठीं लिहिलेला मृत्युलेख आहे, आणि त्यांत ताई ची चुआनचें नांवसुद्धां नाहीं. ह्वांग चुंगशी हा मिंग घराण्याचा निष्ठावंत होता. मांचू राजवटीविरुद्ध त्यानें शस्त्रही उचललें होतें. परक्या बौद्ध पंथाच्या शाओलिनहून देशी ताओपंथी सिद्धाची मृदु विद्या श्रेष्ठ, या लिहिण्यांत परकीय सत्तेविरुद्धचा गूढ निषेध असावा, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. दंतकथा निराधार असली, तरी ती निष्कारण जन्मलेली नसते.

मग ही विद्या आली कोठून? तांग हाव १९३२ च्या सुमारास हनान प्रांतांतील वेन जिल्ह्यांत, पीत नदीच्या परिसरांतील चेनजियागौ या खेड्यांत जाऊन पोहोंचला. नांवाचा अर्थ चेन कुळाची घळ. तेथें त्याला कुळाच्या वंशावळींत चेन वांगतिंग या नवव्या पिढींतील पुरुषाच्या नांवापुढें एक टीप आढळली. चेन घराण्याच्या मुष्टिविद्येचा तो आरंभकर्ता असल्याचें तींत म्हटलें होतें. चेन वांगतिंग हा मिंग राजवटीच्या अखेरच्या काळांतील शिपाईगडी. त्यानें गांवोगांवच्या रक्षकदलांना शिक्षण दिलें होतें. १६४४ सालीं मिंग घराणें कोसळलें, मांचूंचा अंमल बसला, आणि हा मनुष्य गांवीं परतून शेतीवाडी पाहूं लागला. उरलेल्या आयुष्यांत त्यानें मुलांनातवंडांना शिकवीत जी कसरत रचली, तींतून पुढील सर्व ताई ची निघाली, असा तांग हावचा निष्कर्ष होता.

वंशावळींतील टिपेवर विसंबून तो थांबला नाहीं. जपानी चांचांशीं लढून कीर्ति मिळविलेल्या छी जीक्वांग या सेनापतीनें १५६० च्या सुमारास सैन्यशिक्षणावर ग्रंथ लिहिला होता, आणि त्यांत निरनिराळ्या मुष्टिपरंपरांतून निवडलेले ३२ पवित्रे दिले होते. चेन गांवच्या कसरतींत त्यांपैकीं २९ नांवें आढळलीं. ‘सुवर्णकुक्कुट एका पायावर’ हा पवित्रा त्यांतलाच. आजही उद्यानांतील आजोबा तो करतात. याच सेनापतीनें असेंही स्पष्ट नमूद केलें आहे कीं, मोठ्या लढाईंत मुष्टियुद्धाचा उपयोग फारसा नाहीं. हातपाय चपळ करण्यासाठीं ती पहिली पायरी आहे. तांग हावचे सर्वच निष्कर्ष आज सर्वांना मान्य आहेत असें नाहीं. वंशावळींतील टीप मागाहूनची असावी, असा आक्षेप घेणारे आहेत. तथापि वाद आतां कागदपत्रांवर होतो, स्वप्नांवर होत नाहीं, एवढा पालट त्याच्यामुळें झाला.

या लष्करी धाग्याला दुसरा, फार जुना धागा येऊन मिळाला होता. शरीर ताणून व श्वास नियमित करून ‘ची’चा प्रवाह मोकळा ठेवण्याची कला चीनमध्यें दोन हजार वर्षांहून जुनी आहे, तिला ‘दाओयिन’ म्हणत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभीं मरण पावलेल्या ह्वा त्वो या वैद्यानें वाघ, हरिण, अस्वल, वानर आणि पक्षी यांच्या हालचालींवरून पांच खेळ बसविले, आणि शरीराची तुलना नित्य फिरणाऱ्या दाराच्या बिजागरीशीं केली, असें जुन्या इतिहासांत नमूद आहे. १९७३ सालीं हूनान प्रांतांत मावांगद्वी येथील एक थडगें उकरतांना रेशमावर काढलेलें चित्र सांपडलें. इ. स. पूर्व १६८ मध्यें बंद केलेल्या त्या थडग्यांतील चित्रांत ४४ स्त्रीपुरुष व्यायाम करतांना दाखविले आहेत. तांग हाव १९५९ सालींच वारला होता. पण येथें त्याच्या मताला बाध येत नाहीं. श्वासाचा व्यायाम प्राचीन खरा. त्याचा मुष्टियुद्धाशीं संयोग होऊन झालेली ताई ची मात्र त्या मानानें अलीकडची.

चेन गांवची विद्या गांवाबाहेर पडली ती यांग लूचान (१७९९–१८७२) या परक्या तरुणामुळें. तो उत्तरेकडील योंगन्यान गांवचा. चेन चांगशिंग या गुरूपाशीं तो अनेक वर्षें राहिला. रात्रीं भिंतीआडून पाहून तो विद्या चोरून शिकला, अशी गोष्ट सांगतात. तीही दंतकथांच्याच रांगेंत ठेवावी. पुढें पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, त्यानें मांचू सरदारांना व सैनिकांना शिकविलें. त्याच्याच गांवच्या वू यूश्यांग या सुशिक्षित गृहस्थानें या विद्येवर लेखन केलें. त्याच्या अधिकारपदावरील भावाला मिठाच्या एका दुकानांत वांग चुंग्यूए याच्या नांवचें जुनें लिखाण मिळाल्याचें सांगतात. शिपायाची कसरत विद्वानाच्या बैठकींत आली, आणि मग तिला यिन-यांगची भाषा व ताई ची हें नांव मिळालें. नांवही मुळापासूनचें नव्हे.

एव्हांना बंदुकांनीं मुठीचें राज्य संपविलें होतें. १९०० सालीं उत्तर चीनमधील बंडखोर, मंत्रानें व कसरतीनें कमावलेल्या शरीराला गोळी लागत नाहीं, या श्रद्धेनें परदेशी पलटणींसमोर उभे राहिले आणि शेंकडों तरुण हकनाक मेले. खोट्या कथेची किंमत रक्तानें द्यावी लागते, हें त्या वर्षीं चीनला कळलें. त्यानंतरच्या पिढीनें मुष्टियुद्धाला रणांगणावरून उचलून आरोग्याच्या अंगणांत आणलें. सुन लूतांग यानें ताई चीवर पुस्तक लिहिलें, तें १९२१ सालीं प्रसिद्ध झालें. यांग लूचानचा नातू यांग चेंगफू १९२८ सालीं शांघायला आला. त्यानें उड्या व पाय आपटणें गाळून, एकाच संथ लयींत चालणारी कसरत रूढ केली. कारकून, व्यापारी, आजारी माणसें, स्त्रिया, कोणालाही ती करतां येऊं लागली. त्याच वर्षीं चेन गांवचा चेन फाके पेकिंगला आला, तेव्हां त्याच्या उसळ्या व पदाघात पाहून लोक चकित झाले. ताई ची म्हणजे संथपणाच, अशी समजूत एका पिढींत पक्की झाली होती.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सोहळ्याच्या वेळीं चीननें आपल्या राष्ट्रीय युद्धकलांचें पथक तेथें धाडलें. त्याच प्रसंगीं अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेंही बर्लिनमध्यें भारतीय व्यायामांचे प्रयोग करून दाखविले. दोन प्राचीन देश, दोघेही परक्यांच्या दडपणाखालीं, एकाच नगरांत आपापल्या तालमींची ओळख जगाला करून देत होते. अशा वेळीं आपली विद्या हजारों वर्षांची आणि ऋषींची आहे, असें म्हणण्याचा मोह केवढा असेल, याची कल्पना करावी. तांग हाव त्या मोहाविरुद्ध उभा होता. चिडलेल्या मल्लांनीं त्याला मारण्याचा बेत केला होता आणि कांहीं थोर उस्तादांनीं मध्यें पडून तो टाळला, असें सांगतात. गुरूच्या गुरूला कोणी काल्पनिक ठरविलें, तर शिष्याचें पित्त खवळणें स्वाभाविक आहे. परंतु तांग हावनें विद्येला खोटें म्हटलें नव्हतें. तिच्या नांवावरील खोट्या दस्तऐवजांना खोटें म्हटलें होतें.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हें चीगाँगच्या इतिहासांत दिसून येतें. श्वासाचे व्यायाम पुरातन असले, तरी त्या सर्वांना ‘चीगाँग’ या एका छत्राखालीं आणलें तें १९४९ सालीं. ल्यू ग्वीचेन हा साम्यवादी पक्षाचा तरुण कार्यकर्ता पोटांतील व्रणानें जर्जर झाला होता. १९४७ सालीं जुन्या पद्धतीचे श्वसनध्यान करून त्याला आराम पडला. त्याच्या प्रयत्नांनीं समुद्रकांठच्या बेदायहे येथें १९५६ च्या सुमारास चीगाँगचें आरोग्यधाम निघालें. त्याच १९५६ सालीं सरकारी क्रीडा आयोगानें ताई चीची २४ पवित्र्यांची सोपी मालिका तयार केली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळांत चीगाँगवर बहिष्कार पडला. ग्वो लिन ही चित्रकर्ती कर्करोगानें पीडित होती. तिनें १९७० नंतर बीजिंगच्या उद्यानांत चालत चालत करावयाचे श्वसनव्यायाम रोग्यांना शिकविले. पुढें १९८० नंतर मात्र लाट आली. दुरूनच ‘ची’ सोडून रोग बरे करूं, औषधांचे गुण पालटूं, असे दावे करणारे गुरु निघाले; हजारों लोक सभागृहांत जमूं लागले. कित्येकांनीं वैद्यांचे उपचार सोडून आपले हाल करून घेतले. अखेर १९९९ सालीं सरकारनें एका मोठ्या पंथावर बंदी घातली, ती कठोरपणें अंमलांत आणली, आणि इतर मंडळांवरही निर्बंध आले. भोंदूपणाच्या लाटेंत निरुपद्रवी साधकही भरडले गेले.

मग या व्यायामांत खरें काय उरतें? ‘ची’ ही कोणत्याही यंत्रानें मोजतां आलेली नाहीं. परंतु साधकाला सांगितलेल्या गोष्टी अगदीं साध्या व पडताळतां येण्याजोग्या आहेत. एक पाय ‘भरलेला’ आणि दुसरा ‘रिकामा’ असावा, म्हणजे भार कोठें आहे याचें भान सुटूं नये. श्वास पोटापर्यंत खोल जावा. लक्ष बेंबीखालीं स्थिर असावें. मान वर ताणलेली पण ताठर नसावी. दोन साधक मनगटाला मनगट लावून एकमेकांचा रेटा ओळखण्याचा सराव करतात. त्यांत ज्याचें मन अस्वस्थ, त्याचा तोल आधीं जातो. आंतरिक समतोल हा शब्द येथें उपमा म्हणून वापरलेला नाहीं. तो तळपायांत जाणवतो. २०१२ सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत कंपवाताच्या १९५ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. २४ आठवडे ताई ची केलेल्या रुग्णांचा तोल सुधारला, आणि केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या मानानें ते कमी वेळां पडले. रोग बरा झाला नाहीं. परंतु उतारवयांतील मनुष्याला न पडणें ही केवढी देणगी आहे, हें ज्याच्या घरीं वृद्ध आहेत त्याला सांगावयास नको.

२०२० सालीं युनेस्कोनें ताई ची चुआनचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत समावेश केला. त्या मानाला चांग सानफेंगच्या सर्पाची गरज नाहीं. हरलेल्या राज्याच्या एका शिपायानें आपल्या गांवीं मुलांना शिकविलेली कसरत, परगांवच्या शिष्यानें राजधानींत नेली, विद्वानानें तिला शब्द दिले, आणि शहरांतील दुबळ्या माणसासाठीं कोणी तिची गति कमी केली. अशी ती हातोहात आली. यांत चमत्कार नसला, तरी माणसांचे कष्ट आहेत. बोधिधर्मानें हें शिकविलें नाहीं, म्हणून भारताचेंही कांहीं उणें होत नाहीं. तो भिक्षु ध्यानाचा उपदेशक म्हणून चीनमध्यें पूज्य आहे, आणि तेवढें पुरेसें आहे.

ऋषीचें कूळ शोधूं नये, ही म्हण रचणाऱ्याला बहुधा ऋषीची काळजी होती. तांग हावला काळजी होती ती त्या विद्येमागें जाणाऱ्या माणसांची. गोळी लागणार नाहीं म्हणून पुढें झालेल्या तरुणांना, आणि औषध टाकून गुरूच्या हाताकडे पाहत बसलेल्या रोग्यांना, कोणीतरी वेळेवर मूळ विचारावयास शिकवावयास हवें होतें.